परकीय कर्ज, न्हावा-शेवा आणि साडेबारा टक्के

१/ दुर्बल संस्थांच्या देशांत परकीय निधी मुरतो, असे म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर दूरचे देश येतात. या थ्रेडमध्ये आपण उरण तालुक्यात जाऊ. एकच शासन एका टेबलावर समर्थ आणि शेजारच्या टेबलावर दुर्बल असू शकते, हे तिथे दिसते.

२/ न्हावा-शेवा बंदर जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्याने उभे राहिले आणि मे १९८९ मध्ये सुरू झाले. धक्के आणि क्रेन यांचा हिशेब कर्जदाता मागत होता.

३/ जमिनीचा हिशेब कोण मागणार? भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. सिडकोसाठी शासननिर्णय १९९० चा. जेएनपीटीच्या प्रकल्पग्रस्तांना पंतप्रधानांच्या हस्ते इरादापत्रे मिळाली ती १६ ऑगस्ट २०१४ रोजी. गोळीबारानंतर तीस वर्षांनी, आणि तीही इरादापत्रे; भूखंड नव्हेत!

४/ बँकेकडे पुनर्वसनाचे धोरण १९८० पासूनच होते. ते पाळले गेले नाही, तर गावकऱ्याने दाद मागावी अशी जागा नव्हती. नर्मदेच्या संघर्षानंतर, १९९३ मध्ये, बँकेने स्वतंत्र तपासणी मंडळ स्थापन केले.

५/ त्याचा उपयोग खाडीपलीकडे झाला. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात (एमयूटीपी) विस्थापित होणाऱ्या कुर्ल्याच्या दुकानदारांनी २००४ मध्ये या मंडळाकडे तक्रार केली. मंडळाला पुनर्वसनात गंभीर त्रुटी आढळल्या. १ मार्च २००६ रोजी बँकेने रस्ते व पुनर्वसन या घटकांचा निधी रोखला. सुधारणांची हालचाल सुरू झाली आणि जूनअखेर स्थगिती उठली. अधिकारी तेच, कायदे तेच. चार महिने पुरले.

६/ ‘लोकनियुक्त शासनाला वॉशिंग्टनने का दटावावे?’ हा आक्षेप मलाही बोचतो. पण तक्रार वॉशिंग्टनची नव्हती, कुर्ल्याची होती. म्हणून माझे मत असे, की कर्जाचा प्रत्येक हप्ता बांधकामाइतकाच पुनर्वसनाच्या प्रगतीशीही बांधावा आणि ती अट करारातच, मराठीत, गावापर्यंत पोहोचावी.

७/ जपानच्या ‘जायका’च्या कर्जातून बांधलेला अटल सेतू जानेवारी २०२४ पासून याच तालुक्यात, चिर्ले येथे उतरतो. ‘जायका’कडेही आक्षेप नोंदवण्याची रीतसर प्रक्रिया आहे. उरणच्या कोळीवाड्यांत ती कोणी समजावून सांगितली आहे का, हे तिथल्या वाचकांनी खाली जरूर लिहावे.