सब घोडे बारा टक्के

अमेरिकेत पेट घेणारा, अंग भाजणारा, विषारी असा माल नेणाऱ्या ट्रकला चारही बाजूंनी पाट्या लावाव्या लागतात. शंकरपाळ्याच्या आकाराच्या, प्रत्येक बाजू २५० मिलिमीटर. लाल म्हणजे ज्वलनशील, पिवळी म्हणजे ऑक्सिडायझर, काळी-पांढरी म्हणजे ॲसिड वगैरे. लांबूनच कळावं हा हेतू. इथवर सगळं छान. पण ट्रकमध्ये दोन-तीन प्रकारचा माल डब्या-पिंपांतून भरलेला असेल, तर नियमच सांगतो, वेगवेगळ्या पाट्यांऐवजी एकच पाटी लावा, चालेल. वर-खाली लाल, मध्ये पांढरा पट्टा आणि त्यावर एकच शब्द, 'डेंजरस'.

मंडळी, ही पाटी बंद व्हायला हवी.

पुण्यात बसून मला ही उठाठेव कशाला? तर आमची टीम तिकडच्या एका ट्रक कंपनीसाठी पाट्या ठरवणारं मॉड्यूल लिहीत होती, आणि '४९ सीएफआर, कलम १७२.५०४' महिनाभर माझ्या उशाशी होतं. जावावाल्यांना दुखणं लगेच कळेल. प्रत्येक एरर वेगळी पकडायची सोडून कुणी सरसकट 'कॅच एक्सेप्शन' लिहिलं आणि आत 'काहीतरी बिघडलंय' एवढंच छापलं, तर कोड रिव्ह्यूमध्ये आपण त्याची सालं काढतो. इथे तेच काम सरकारी कलमाने केलंय, आणि बिघडतं तेव्हा समोर खरोखरची आग असते.

उदाहरण घ्या. एका ट्रकमध्ये रंगाचे डबे, हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि पोहण्याच्या तलावात टाकतात ती कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर. गळून एकमेकांत मिसळणार नाही असं वेगळं ठेवलं तर हा माल एकत्र नेता येतो. आता हा ट्रक हायवेवर उलटला. रंग पेटला तर फोम चालतो. पावडरला मात्र पाणीच मारायचं, फोम मारू नका असं तिकडच्या अग्निशमनवाल्यांचं पुस्तक बजावतं. आणि ॲसिड त्या पावडरीवर सांडलं तर क्लोरीन वायू! तीन वस्तू, तीन वेगळे निर्णय. बंबावरच्या माणसाला दुर्बिणीतून काय दिसतं? 'डेंजरस'. अरे बाबा, ते त्याला धुरावरूनच कळलंय.

ते पुस्तक म्हणजे नारिंगी कव्हरचं इमर्जन्सी रिस्पॉन्स गाइडबुक. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून काढतात, २०२४ मध्ये नवी आवृत्ती आली. त्यात या पाटीसाठी १११ नंबरचं पान आहे. त्या पानाचं शीर्षकच 'मिश्र माल / अनोळखी माल'. म्हणजे ट्रकमालकाला माल पक्का ओळखीचा, पण पाटीने तो अनोळखी करून टाकला! पान सांगतं, शंभर मीटर लांब राहा, माल विझवायच्या साधनाशीच रिॲक्ट होऊ शकतो. पानाचा दोष नाही. काहीच माहीत नसताना ते आणखी काय सांगणार?

यावर उत्तर मिळतं, 'कागद असतोच की.' असतो. ड्रायव्हरच्या हाताशी, नाहीतर त्याच्या दाराच्या आतल्या कप्प्यात. म्हणजे जळत्या केबिनमध्ये. कागद मिळणार नाही त्या दहा मिनिटांसाठीच तर पाटी असते ना?

नियम अगदीच मोकाट नाही, हे मान्य. स्फोटकं, विषारी वायू असल्या जहाल गोष्टी या पाटीमागे लपवता येत नाहीत. आणि एका प्रकारचा हजार किलो किंवा जास्त माल 'एकाच ठिकाणी' भरला असेल तर त्याची स्वतंत्र पाटी सक्तीची. आता यातला बग बघा. एका गोदामातून ९०० किलो ॲसिड घेतलं, पुढच्या गोदामातून आणखी ९०० किलो, सोबत रंगाचे डबे. १८०० किलो ॲसिड, तरी 'डेंजरस' चालते! ॲसिड सांडताना कुठलं कुठून भरलं हे विचारून सांडतं का?

ट्रकवाल्यांची बाजूही आहे. ड्रायव्हर दिवसात पंधरा ठिकाणी थांबणार, माल चढणार-उतरणार, दर वेळी चार बाजूंच्या पाट्या कोण बदलणार? प्रश्न खरा आहे, पण कॅलेंडरसारख्या पानं उलटायच्या पत्र्याच्या पाट्या बाजारात मिळतात. शिवाय प्रत्येक खोकं स्कॅन होऊनच आत जातं. कुठल्या थांब्यावर कुठली पाटी उलटायची हे सॉफ्टवेअर सेकंदात सांगतं. आम्ही ते करून दाखवलंही. क्लायंटने बघितलं, छान म्हणाला, आणि डिफॉल्ट 'डेंजरस' ठेवायला सांगितलं. नियमात 'चालेल' आहे तोवर दुसरं कोण काय करेल?

युरोपात डब्या-पिंपांच्या मालाला पुढे-मागे नुसती कोरी नारिंगी पाटी पुरते, तेव्हा त्यांनीही फार हसू नये. आणि आपण? आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३४ वा नियम मालाचं नाव ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत लिहायला लावतो, शिवाय मदतीचे फोन नंबर. कागदावर आपणच शहाणे. प्रत्यक्षात पार्टलोडच्या ट्रकमध्ये ताडपत्रीखाली थिनरचे डबे असतात आणि मागे 'आई-बाबांचा आशीर्वाद'. असो, तो वेगळ्या शनिवारचा विषय.

अमेरिकेतलं दुखणं त्यामानाने सोपं आहे. तिथे पाट्या लावतात, तपासतात, दंडही करतात. मालगाड्यांच्या बाबतीत तर डब्यांतल्या धोकादायक मालाची माहिती आणीबाणीत इलेक्ट्रॉनिक मार्गाने पुरवण्याचा नियम २०२४ मध्ये झाला. ट्रकसाठी एवढंही नको. कलम १७२.५०४ मधला 'डेंजरस'चा परिच्छेद तेवढा खोडा. माझ्या कोडमधल्या अकरा ओळी कमी होतील, त्या मी फुकटात काढून देतो.