थंडी पंचांगाला ठाऊक असते

पौष उजाडला की दिल्लीत चित्रप्रदर्शने भरतात, स्नेहमेळावे होतात आणि कित्येकदा त्याच मांडवात ब्लँकेटवाटपही उरकले जाते. उद्घाटक बहुधा आमच्यापैकीच एखादा अधिकारी असतो. देणाऱ्यांच्या भावनेविषयी शंका नाही. आक्षेप आहे तो शासनाने या व्यासपीठावर मिरवण्याला. दान देणे ही नागरिकाची इच्छा. बेघराला निवारा देणे हे मात्र शासनाचे कर्तव्य आहे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे किमान एक बारमाही निवारा उभारण्यास सांगितले. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख माणसे बेघर आढळली. फुटपाथवर मिळालेले ब्लँकेट त्यांनी दिवसा ठेवायचे कुठे, हे वाटपाच्या छायाचित्रात दिसत नाही. थंडी भूकंपासारखी अवचित येत नाही. मग निवाऱ्यांची डागडुजी, अंथरुणे, शौचालये यांची तजवीज पावसाळा सरताच का होऊ नये? फीत कापायला निघालेल्या अधिकाऱ्याने आदल्या रात्री आपल्या हद्दीतला निवारा पाहून यावे आणि तिथे किती जणांना जागा मिळाली नाही, तो आकडा व्यासपीठावरून वाचून दाखवावा.