सड्यावरचा विमानतळ आणि हायवेवरची बस

येणंजाणं : साप्ताहिक स्तंभ

गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या धावपट्टीची लांबी साडेतीन किलोमीटर आहे. मुंबई-गोवा महामार्गावरच्या धारगळहून विमानतळापर्यंत चढत जाणारा जोडरस्ता जवळपास तिच्या दुप्पट भरतो. आजचं माझं सगळं म्हणणं या दुसऱ्या अंतराबद्दल आहे.

मोपाच्या या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झालं आणि 5 जानेवारी 2023 पासून प्रवासी विमानं उतरू लागली. त्याआधी वीसेक वर्षं हा प्रकल्प कागदावर, कोर्टात आणि पेडणे तालुक्याच्या गावागावांतल्या बैठकांत फिरत होता. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये त्याची पर्यावरण मंजुरी स्थगित केली, 2020 मध्ये अटींसह पुन्हा वाट मोकळी केली. जांभ्या दगडाचा तो उघडा सडा, पावसाळ्यात त्यावर उगवणारं गवत, धनगरांची गुरं, उतारावरची झाडं आणि काजूच्या बागा, हे सगळं देऊन हा विमानतळ आला आहे. एवढी किंमत मोजून आलेली सोय शक्य तितक्या जास्त माणसांच्या उपयोगी पडली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून तिथे जायचं कसं आणि तिथून निघायचं कसं, हा प्रश्न मी पुन्हा पुन्हा मांडतो.

सहा पदरी जोडरस्ता 2024 च्या पावसाळ्यात खुला झाला. तोवर गाड्या गावातल्या वळणावळणाच्या रस्त्यांनी जात होत्या. रस्ता उत्तम झाला, यात शंका नाही. पण या रस्त्याचा फायदा आधी कोणाला झाला? ज्याच्याकडे स्वतःची गाडी आहे त्याला, आणि टॅक्सी ज्याला परवडते त्याला. बाकीच्यांसाठी महामार्गावरचा धारगळचा फाटा हीच हद्द राहते. सावंतवाडी-पणजी मार्गावरची गाडी तिथून सरळ पुढे निघून जाते. हातात दोन बॅगा आणि कडेवर मूल असलेल्या बाईला तिथे उतरवलं, तर पुढची सहा-सात किलोमीटरची चढण तिने कशी पार करायची? गोव्यात एरवी अशा वेळी मोटारसायकलवाला पायलट धावून येतो, पण परदेशाहून आलेलं सामान घेऊन पायलटच्या मागे बसता येत नाही.

गोव्याच्या जुन्या दाबोळी विमानतळाशी तुलना केली की फरक नीट कळतो. पोर्तुगीजांनी 1950 च्या दशकात तो विमानतळ बांधला. गोवा मुक्तीनंतर तो नौदलाकडे गेला आणि आजही नौदलाचाच आहे. त्यामुळे नागरी विमानांना तिथे वेळेची बंधनं सोसावी लागली, गर्दी वाढली, दुसऱ्या विमानतळाची मागणी झाली. पण दाबोळीची एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेतली नाही. तो वास्को शहराला खेटून आहे. वास्कोहून पणजीला आणि मडगावला जाणाऱ्या साध्या बसगाड्या विमानतळाबाहेरच्या रस्त्यावरूनच जातात. त्यासाठी वेगळी योजना आखावी लागली नाही. विमानतळावर झाडू मारणारी बाई, कॅन्टीनमध्ये काम करणारा पोरगा आणि सुट्टीवर आलेला जहाजावरचा खलाशी, तिघेही त्या बसमध्ये चढू शकतात. मोपाला शहर शेजारी नाही. तिथे बस आपोआप येणार नाही. ती ठरवून आणावी लागणार.

ही गोष्ट दक्षिण गोव्यात जास्त बोचते. सासष्टी तालुक्यातली कितीतरी घरं आखातात काम करणाऱ्यांच्या आणि जहाजांवरच्या तारवटींच्या कमाईवर उभी राहिली आहेत. त्यांची विमानं दोहाहून, मस्कतहून येतात. कतार एअरवेजने 2024 मध्ये आपली सेवा दाबोळीहून मोपाला हलवली, तेव्हा मडगाव भागातून तीव्र नाराजी उमटली. त्या नाराजीत दाबोळी हळूहळू रिकामा होईल ही भीती आहेच, आणि ती खोटी म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. पण तिच्या मुळाशी अगदी साधा हिशेब आहे. दाबोळीहून मडगाव पंचवीसेक किलोमीटरवर होतं. मोपाहून ते पासष्ट-सत्तर होतं. काणकोणचा माणूस असेल तर शंभरच्या वर. टॅक्सीने मडगाव गाठायला दोन हजारांहून जास्त मोजावे लागतात. तिकीट काढताना एका विमानतळाऐवजी दुसरा निवडला गेला, तर साठ-पासष्ट किलोमीटरचा फेरा पडतो, आणि दोन्हीकडे नाव गोवाच लिहिलेलं असल्याने अशी चूक सहज होते.

गोव्याच्या कदंब परिवहन महामंडळाने पहिल्यापासून विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित गाड्या मोपाला लावल्या, याचं श्रेय द्यायलाच हवं. पणजी, म्हापसा, मडगाव आणि कळंगुटची किनारपट्टी या गाड्यांनी जोडली. गाड्या स्वच्छ आहेत, सामानाला जागा आहे. त्या तशाच राहाव्यात आणि वाढाव्यात. मात्र विमानतळाच्या बसचं गणित गावच्या बसपेक्षा वेगळं असतं. विमान उशिरा येतं, सामान यायला वेळ लागतो, आंतरराष्ट्रीय प्रवाशाला इमिग्रेशनच्या रांगेत थांबावं लागतं. तासाभराने एकच गाडी असेल आणि ती समोरून निघून गेली, तर दमलेला माणूस टॅक्सीच्या काउंटरकडेच वळतो. मग गाडी अर्धी रिकामी धावते, अधिकारी तोटा दाखवतात आणि पुढच्या वेळापत्रकातून एक फेरी कमी होते. प्रवासी नाहीत म्हणून फेऱ्या नाहीत आणि फेऱ्या नाहीत म्हणून प्रवासी नाहीत, हे चक्र तोडायचं तर आधी फेऱ्या वाढवाव्या लागतात आणि काही महिने तोटा सोसावा लागतो. विमानतळावर उभ्या राहणाऱ्या खाजगी गाड्यांकडून पार्किंगचे पैसे घेतले जातात. त्यातला काही वाटा या गाड्यांसाठी राखून ठेवला, तर तोट्याची भीती पुष्कळ कमी होईल.

आता गोवा-महाराष्ट्र सीमेच्या अलीकडे, सिंधुदुर्ग जिल्ह्यात येतो. मोपा गोव्याच्या अगदी उत्तर टोकाला आहे. सावंतवाडी तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवर, बांदा आणखी जवळ. म्हणजे मडगावपेक्षा सावंतवाडीला हा विमानतळ कितीतरी जवळचा आहे. आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून शिरोडा-वेंगुर्ल्याची माणसं पेडण्यात येतात-जातात. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात सिंधुदुर्गातले रुग्ण वर्षानुवर्षं जात आहेत. दोडामार्ग-बांद्याची मुलं गोव्यातल्या कारखान्यांत, हॉटेलांत रोज कामाला जातात. नात्यागोत्यांना, बाजाराला, दवाखान्याला ही सीमा कधी आड आली नाही. बसच्या वेळापत्रकाला मात्र ती आड येते.

सिंधुदुर्गाला स्वतःचा विमानतळ आहेच. परुळे-चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाला. त्याची धावपट्टी अडीच किलोमीटरची. मोपापासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही नाही. मुंबईची विमानसेवा तिथे कधी चालली, कधी रखडली, कधी बंद पडली, आणि मालवण-तारकर्लीला येणारे पर्यटक हळूहळू मोपाचं तिकीट काढू लागले. चिपी चालावा, जोमाने चालावा, यासाठी सगळ्यांनी झटलं पाहिजे. पण आज मोपाला उतरणाऱ्या माणसाने वेंगुर्ल्याला, कुडाळला, मालवणला कसं जायचं, या प्रश्नाचं उत्तर चिपीची विमानसेवा सुरळीत होईपर्यंत थांबवता येणार नाही.

उत्तर फार अवघड नाही. झाराप ते पत्रादेवी रस्ता चौपदरी आहे. एसटीच्या आणि कदंबच्या गाड्या त्यावरून रोज धावतात. त्यांतल्या काही गाड्या धारगळला वळून विमानतळावर जाऊन परत महामार्गाला लागल्या, तर जाण्यायेण्याचे तेरा-चौदा किलोमीटर आणि अर्धा तास वाढतो. थेट पणजीला जाणाऱ्या प्रवाशाला हा अर्धा तास जाचेल, हे मला मान्य आहे. म्हणून सगळ्या गाड्या वळवू नयेत. बाकीच्या गाड्यांच्या प्रवाशांसाठी धारगळच्या फाट्यावर शेड, दिवा, बाकडं आणि फाट्यापासून वर जाणारी छोटी बस हवी, दर पंधरा-वीस मिनिटांनी. तिकीट एकच. सावंतवाडीला काढलेलं तिकीट त्या छोट्या बसमध्येही चाललं पाहिजे.

इथे अडचण येते ती कराराची. दुसऱ्या राज्यात बस न्यायची तर दोन राज्यांत परस्पर वाहतूक करार लागतो. कोणत्या मार्गावर कोणी किती फेऱ्या, किती किलोमीटर चालवायचे, ते त्यात ठरतं. नवा थांबा, नवा मार्ग वाढवायचा तर दोन्हीकडच्या परिवहन खात्यांना बसून बोलावं लागतं. हे काम कंडक्टर-ड्रायव्हरच्या किंवा आगारप्रमुखाच्या पातळीवर होत नाही. मंत्र्यांनी ते हातात घ्यायला हवं. सिंधुदुर्गातल्या लोकप्रतिनिधींनी पणजीत जाऊन आणि गोव्यातल्यांनी मुंबईत येऊन हा एक विषय मार्गी लावला, तर दोन्ही बाजूंची हजारो माणसं त्यांना दुवा देतील.

रेल्वेचंही असंच. कोकण रेल्वेचा मार्ग पेडण्यातूनच जातो. पेडणे स्थानक विमानतळाला जवळचं, पण मोजक्याच गाड्या तिथे थांबतात. वंदे भारत थांबते ती थिवीला. थिवीहून आणि पेडण्याहून मोपाला गाडीच्या वेळेशी जुळणारी बस असेल, तर कणकवली-रत्नागिरीचा माणूसही हा विमानतळ वापरू शकेल.

टॅक्सीवाल्यांबद्दल बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. बस वाढली की आमचं पोट मारलं जाईल, असं पेडण्यातल्या टॅक्सीवाल्यांना वाटतं. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरची जमीन या प्रकल्पात गेली आहे. विमानतळावर धंदा मिळेल या भरवशावर त्यांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. ॲपवाल्या टॅक्सींना आणि वाढत्या शुल्कांना त्यांनी केलेला विरोध आडमुठेपणा म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं आहे. पण बस आणि टॅक्सी यांचं गिऱ्हाईक बहुतांशी वेगळं असतं. कुटुंब, म्हातारी माणसं, मध्यरात्रीची विमानं यांना टॅक्सी लागणारच. शिवाय धारगळचा फाटा, पेडणे स्थानक आणि विमानतळ यांच्यामधली छोटी वाहनं पेडण्याच्याच लोकांना द्यावीत, सीटमागे ठरलेलं भाडं आणि दिवसाला ठरलेल्या फेऱ्या सरकारने हमीने द्याव्यात. ज्यांनी सडा दिला, त्यांच्या मुलांना त्या सड्यावर चढणारी बस चालवण्याचा पहिला हक्क आहे. असं झालं तर बसला विरोध करणाराच बसचा मालक होईल.

विमान कंपन्यांचं हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागू होतं. कोणतं विमान किती वाजता उतरणार हे विमानतळाला कितीतरी आधी कळलेलं असतं. तेव्हा कदंब आणि एसटीने त्याच रविवारपासून मोपाचं एक संयुक्त वेळापत्रक लावावं, मराठी, कोंकणी, हिंदी आणि इंग्रजीत छापावं, आगमनाच्या दारापाशी ठळक टांगावं. त्यात मडगावची आणि सावंतवाडीची शेवटची गाडी रात्रीचं शेवटचं विमान उतरल्यानंतर तासाभराने सुटणारी असावी, आणि विमानाला उशीर झाला तर तिने थांबावं.