विश्लेषण : इमारत ‘गोल्ड’ की ‘प्लॅटिनम’? हरित श्रेणींच्या नावांमागचे गणित काय?

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याण-शीळ मार्गावर नव्या गृहप्रकल्पांच्या फलकांवर ‘प्री-सर्टिफाइड गोल्ड’, ‘प्लॅटिनम रेटेड’ असे शब्द पाहायला मिळतात. घर घेणाऱ्याला त्यातून ‘काहीतरी उत्तम आहे’ एवढाच बोध होतो. प्रत्यक्षात ही नावे वेगवेगळ्या संस्थांच्या वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवरची आहेत. शिवाय राज्याच्या बांधकाम नियमावलीत याच नावांवरून विकासकाला मिळणारे जादा बांधकाम ठरते. त्यामुळे या शब्दांचा नेमका अर्थ समजून घेणे गरजेचे आहे.

ही नावे देते कोण?

भारतात प्रामुख्याने तीन पद्धती वापरल्या जातात. पहिली अमेरिकेतील ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची ‘लीड’. दुसरी भारतीय उद्योग महासंघाच्या छत्राखाली २००१ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची, म्हणजेच ‘आयजीबीसी’ची. या दोन्हींत सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशा चढत्या पायऱ्या आहेत. तिसरी पद्धत ‘ग्रिहा’. ‘टेरी’ संस्थेने केंद्रीय नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या साथीने २००७ पासून ती राबवली. तिच्यात धातू नाहीत. एक ते पाच तारे आहेत. याशिवाय जागतिक बँक समूहातील ‘आयएफसी’ची ‘एज’ ही पद्धतही वापरात आहे. वीज, पाणी आणि बांधकाम साहित्यातील ऊर्जा या तिन्हींत किमान २० टक्के बचत दाखवली की ‘एज’चे प्रमाणपत्र मिळते.

‘प्लॅटिनम’ हा शब्द भारतात रुजला तो हैदराबादमुळे. तेथील सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरच्या इमारतीला २००३ मध्ये ‘लीड’चा प्लॅटिनम दर्जा मिळाला. अमेरिकेबाहेर हा मान मिळवणारी ती पहिली इमारत होती.

‘सिल्व्हर’ म्हणजे दुसरा क्रमांक का?

नाही. येथेच बहुतेकांची गल्लत होते. ऑलिम्पिकमुळे रौप्य म्हणजे दुसरा क्रमांक, हे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. ‘लीड’च्या चौथ्या आवृत्तीत ११० पैकी ४० गुणांना सर्टिफाइड, ५० ला सिल्व्हर, ६० ला गोल्ड आणि ८० ला प्लॅटिनम मिळते. म्हणजे सिल्व्हर ही खालून दुसरी पायरी आहे आणि निम्म्यापेक्षा कमी गुणांतही ती गाठता येते. सर्वात खालच्या पायरीचे नाव नुसते ‘सर्टिफाइड’. ‘लीड’च्या सुरुवातीच्या आवृत्तीत या पायरीला ‘ब्राँझ’ म्हणत. पुढे ते नाव गेले. त्यामुळे ‘आमची इमारत प्रमाणित आहे’ हे वाक्य प्लॅटिनम इमारतीलाही लागू पडते आणि जेमतेम उत्तीर्ण झालेल्या इमारतीलाही.

नावे मानवी सोयीची आहेत, निसर्गनियम नव्हेत. ब्रिटनच्या ‘ब्रीअम’मध्ये पास, गुड, व्हेरी गुड, एक्सलंट आणि आउटस्टँडिंग अशी शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी श्रेणी आहे. अबू धाबीत एक ते पाच मोती दिले जातात. जर्मनीच्या ‘डीजीएनबी’मध्ये २०१५ पर्यंत सुवर्ण हीच सर्वोच्च श्रेणी होती, त्यानंतर तिच्या वर प्लॅटिनम आले. सराफ बाजारात गेली काही वर्षे प्लॅटिनम सोन्यापेक्षा स्वस्त आहे, इमारतींच्या बाजारात मात्र त्याचा मान वरचाच आहे.

दोन ‘गोल्ड’ इमारती सारख्या असतात का?

तशी खात्री देता येत नाही. गुण एकूण बेरजेवर ठरतात. ‘लीड’च्या चौथ्या आवृत्तीत नव्या इमारतींसाठी ऊर्जेला ३३ गुण आहेत, ठिकाण आणि वाहतूक सोयीला १६, तर पाण्याला अवघे ११. किमान अटी सर्वांनाच पाळाव्या लागतात. त्यापुढे मात्र एखादी इमारत स्थानकाजवळ असल्याने गुण मिळवेल, तर दुसरी पाण्याच्या बचतीतून. दोघींच्या दारावर पाटी ‘गोल्ड’चीच लागेल.

आवृत्तीनेही फरक पडतो. ‘ग्रिहा’च्या जुन्या आवृत्तीत पाच ताऱ्यांसाठी ९१ गुण लागत, २०१५ च्या आवृत्तीत ८६ गुणांपासून पाच तारे मिळतात. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ‘लीड’च्या पाचव्या आवृत्तीत प्लॅटिनमसाठी गुणांखेरीज कार्बन उत्सर्जनाशी संबंधित जादा अटी आहेत. म्हणजे नाव तेच, पण परीक्षा वेगळी.

ठाणे, कल्याण-डोंबिवलीत या नावांना पैशांचे मोल कसे?

राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. मुंबई महापालिका आणि काही विशेष क्षेत्रे वगळता ती राज्यभर लागू आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिका तिच्या कक्षेत येतात. डोंबिवलीचा एमआयडीसी निवासी विभाग मात्र नाही, कारण तेथे एमआयडीसीची वेगळी नियमावली चालते.

या नियमावलीनुसार ‘ग्रिहा’चे तीन तारे किंवा आयजीबीसी अथवा ‘लीड’चे सिल्व्हर मिळाल्यास मूळ चटईक्षेत्र निर्देशांकावर ३ टक्के प्रोत्साहनपर एफएसआय मिळतो. चार तारे किंवा गोल्डला ५ टक्के, तर पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के. सरकारी, निमसरकारी आणि स्थानिक संस्थांच्या इमारतींना किमान तीन तारे किंवा सिल्व्हर सक्तीचे आहे.

ढोबळ हिशेब करू. समजा ४,००० चौरस मीटरचा भूखंड आहे आणि मूळ निर्देशांक १.१ आहे. मूळ बांधकाम ४,४०० चौरस मीटर होते. त्यावर सिल्व्हरचे १३२, गोल्डचे २२० आणि प्लॅटिनमचे ३०८ चौरस मीटर जादा मिळतील. गोल्ड आणि प्लॅटिनम यांच्यातला फरक ८८ चौरस मीटरचा, म्हणजे साधारण साडेनऊशे चौरस फुटांचा. ठाण्यातील घरांचे दर पाहता एका शब्दाची किंमत किती, हे वेगळे सांगायला नको. तीन वेगळ्या मोजपट्ट्या नियमावलीने एका रांगेत बसवल्या आहेत, हेही लक्षात घ्यावे. चारांतली दुसरी पायरी आणि पाचांतली तिसरी येथे समान मानली जाते.

‘प्री-सर्टिफाइड’ म्हणजे काय?

आराखड्याच्या टप्प्यावर ‘या श्रेणीची इमारत बांधू’ असे दाखवून मिळवलेला हा दर्जा आहे. इमारत उभी राहिल्यावर तपासणी होऊन अंतिम प्रमाणपत्र मिळते. नियमावलीनुसार जादा एफएसआय प्री-सर्टिफिकेशननंतरच मिळतो. भोगवट्याच्या वेळी ठरलेली श्रेणी गाठता आली नाही, तर न गाठलेल्या श्रेणीपुरत्या जादा एफएसआयवर रेडीरेकनरमधील जमीन दराच्या दुप्पट दंड होतो.

तरतूद कडक आहे. परंतु हा दंड नियोजन प्राधिकरणाकडे जातो. ‘प्लॅटिनम’ म्हणून घर घेतलेल्या कुटुंबाला त्यातून काही मिळत नाही. त्याच्यासाठी मार्ग रेराचा. जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झाले, तर रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार भरपाई मागता येते. व्यवहारातून बाहेर पडायचे असल्यास व्याजासह रक्कम परत मागण्याचीही सोय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या भ्रामक दाव्यांविरोधात मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानुसार ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ असे दावे पुराव्यानिशी करावे लागतात.

‘प्लॅटिनम’ इमारतीत टँकर येऊ शकतो का?

येऊ शकतो. श्रेणी इमारतीच्या आतली व्यवस्था मोजते. पाणी वाचवणारे नळ, पर्जन्यजल संधारण, सांडपाण्याचा पुनर्वापर यांचे गुण मिळतात. पालिकेच्या जलवाहिनीतून किती पाणी येणार, हे त्यात मोजले जात नाही. कल्याण-डोंबिवली उल्हास नदीवर विसंबून आहे आणि परिसरातील २७ गावांचा पाणीप्रश्न जुना आहे. जादा एफएसआय म्हणजे त्याच रस्त्यावर, त्याच जलवाहिनीवर आणखी काही घरे. हरित बांधकामाचे बक्षीस जादा बांधकामातच द्यावे का, हा धोरणाचा प्रश्न म्हणूनच उरतो.

शिवाय ताबा दिल्यानंतर सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि सौर यंत्रणा चालवण्याचा भार सोसायटीवर येतो. यंत्रणा बंद पडली तरी भिंतीवरचे प्रमाणपत्र तसेच राहते. ‘ग्रिहा’चे मानांकन पाच वर्षांपुरतेच वैध असते.

घर घेताना काय विचारावे?

श्रेणी कोणत्या संस्थेची आणि कोणत्या आवृत्तीतील? प्री-सर्टिफिकेशन आहे की अंतिम प्रमाणपत्र? ते एका इमारतीचे की संपूर्ण संकुलाचे, आणि त्याची मुदत कधीपर्यंत? सर्वात महत्त्वाचे म्हणजे गुणपत्रिका मागावी. वीज आणि पाण्याच्या रकान्यांत किती गुण मिळाले, हे पाहावे. श्रेणीचा उल्लेख विक्री करारात आहे का, तेही तपासावे. दहावीचा निकाल पाहताना आपण नुसती टक्केवारी पाहून थांबत नाही, गणितात किती मिळाले तेही पाहतो. घराच्या बाबतीत गणिताची जागा पाण्याची आहे.