सगळे वयावर ढकलू नका



विषाणूज्वरानंतर लघवी न धरवणे हा ‘बायकांच्या वयाचा भाग’, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे निदान पटले नाही. कोविडच्या साथीत अमेरिकेतील डेट्रॉइटच्या डॉक्टरांनी बऱ्या झालेल्या रुग्णांत वारंवार, घाईची लघवी नव्याने सुरू झाल्याचे नोंदवले. त्यांत पुरुषही होते. (त्यांचे वय कुणी काढले नाही!) लांबलेल्या खोकल्याने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैलावतात, ते वेगळेच. त्यावर फिजिओथेरपिस्टकडून शिकलेले केगेल व्यायाम (तेच स्नायू आवळण्या-सोडण्याचे) उपयोगी पडतात. घाईच्या लघवीसाठी मूत्राशयाला हळूहळू जास्त वेळ धरण्याची सवय लावणे, लागल्यास औषध. आधी लघवीची तपासणी मात्र हवीच. उलट, माकडहाडाच्या भागात नागीण (हाही विषाणूचाच आजार) उठून लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

– एक वाचक, सातारा