काटा अडतो तेव्हा

‘जिभेवर ताबा नसेल तर वजन उतरणार कसे?’ असा सवाल मागच्या अंकातील पत्रलेखकाने केला आहे. सवाल खणखणीत, पण अर्धवट.

‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी टीव्ही स्पर्धेचा 2009 मधला विजेता डॅनी केहिल याने काही महिन्यांत 108 किलो उतरवले. अशा माणसाकडे निर्धार नव्हता असे कोण म्हणेल? तरी पुढे त्यातले 45 किलोंहून अधिक परत आले. संशोधक केविन हॉल यांच्या चमूने 14 स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा त्यांचे शरीर स्वस्थ असताना अपेक्षेपेक्षा दिवसाला सरासरी 500 कॅलरी कमी जाळत होते. साधारण चार-पाच पोळ्यांइतक्या! यात जिभेचा काय गुन्हा?

काट्याचेही तसेच. पहिल्या आठवड्यात झरझर उतरते ते बरेचसे पाणी. मग आकडा अडतो आणि माणूस चिडून वडापाववर सूड उगवतो. रविवारच्या पंगतीत पापड-लोणचे झाले की सोमवारी किलोभर जास्त दिसते. ती चरबी नव्हे, मिठाने धरून ठेवलेले पाणी. रोजच्या आकड्याऐवजी आठवड्याची सरासरी पाहिली तर निम्मी चिडचिड तिथेच संपते.

कमरेला टेपही लावावी, कारण अंगात चरबी किती हे काटा सांगत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, 22.3, अंगातली चरबी मात्र याज्ञिकांची 21 टक्के आणि युडकिनांची 9. दोघांनी ही तुलना 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्याच फोटोसह छापली होती.