हाची आवडतो, म्हणून अकिता घरी आणायचा का?



हाचीची गोष्ट माहीत नाही असं घर आता विरळाच. मुलांनी रिचर्ड गिअरचा २००९ सालचा सिनेमा पाहिलेला असतो. मालक वारल्यावरही रोज स्टेशनवर जाऊन वाट पाहणारा तो कुत्रा बघून घरातले सगळे डोळे पुसतात, आणि दुसऱ्या दिवशी हट्ट सुरू होतो, "आई, आपण हाची आणूया ना!" कधी कधी मुलांचे बाबाही त्यांना सामील होतात. "आपण जीवदया मानणारी माणसं, कुत्रा पाळला तर चांगलंच की!" म्हणतात. मग हो म्हणायचं की नाही, हा प्रश्न येतो आपल्याकडे, कारण पुढची दहा-बारा वर्षं त्या जीवाचं करणार कोण, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक असतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्या घरात अकिता विकत आणू नये. का, ते सांगते.

हाची ज्या जातीचा होता तिचं नाव अकिता इनू. जपानी भाषेत 'इनू' म्हणजे कुत्रा, आणि अकिता हा जपानच्या होन्शू बेटाच्या उत्तर टोकाकडचा प्रांत. डोंगराळ मुलूख, हिवाळ्यात भरपूर बर्फ. तिथले मातागी म्हणवणारे शिकारी अस्वल आणि रानडुकरांच्या मागावर कुत्री नेत. शिकारी पोहोचेपर्यंत अस्वलाला अडवून धरायचं, हे कुत्र्याचं काम. तेच अकिताचे पूर्वज. पुढे ओदाते भागात कुत्र्यांच्या झुंजी लावायचं वेड वाढलं. झुंजीत जिंकणारा दांडगा कुत्रा हवा, म्हणून या जातीत तोसा आणि परदेशी मोठ्या कुत्र्यांचं रक्त मिसळलं गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झुंजींवर बंदी आली. मूळ जात हातची जाते की काय अशी काळजी वाटून १९२७ साली ती जपण्यासाठी संस्था निघाली, आणि १९३१ साली जपान सरकारने अकिताला नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण दिलं.

तरी दुसऱ्या महायुद्धात ही जात जवळजवळ संपलीच. माणसांनाच खायला नव्हतं. त्यात लष्कराच्या कपड्यांसाठी कुत्र्यांची कातडी घेतली जाऊ लागली. काही लोकांनी आपली कुत्री लांबच्या डोंगराळ गावांत लपवली, त्यातून थोडी वाचली. युद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी काही अकिता आपल्या देशात नेले. त्यांची पैदास तिकडे जास्त थोराड झाली, आणि आज अमेरिकन अकिता वेगळी जात मानतात.

हा इतिहास वाचताना मला वाटत राहिलं, की माणसाने याच मुक्या जिवाला शिकारीला नेलं, झुंजीत उतरवलं, त्याचं कातडं काढलं आणि त्याचा पुतळाही उभारला. दर वेळी गरज माणसाचीच होती. आपणही त्याला घरी आणताना कुणाची गरज बघतोय, हे आधी ठरवायला हवं.

आता त्याचा स्वभाव. अकिता अंगाने मोठा असतो. नर साधारण दोन-सव्वादोन फूट उंच, वजन पस्तीस किलोच्या वर सहज. उभे कान, पाठीवर वळलेली झुपकेदार शेपटी, दाट लोकर. उगाच भुंकत नाही. मांजरासारखा अंग चाटून स्वच्छ राहतो. घरच्यांवर त्याचा फार जीव, पण तो जीव घरच्यांपुरताच. अनोळखी माणसाशी तुटक वागतो, दुसऱ्या कुत्र्याशी, विशेषतः आपल्याच लिंगाच्या कुत्र्याशी, त्याचं पटत नाही. मांजर, खार, कबुतर दिसलं की शिकारीचं रक्त उसळतं. बुद्धी चांगली, पण हट्टी. पिल्लू असल्यापासून माणसांची, मुलांची, गर्दीची सवय धीराने लावली नाही, तर मोठेपणी आवरत नाही. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याने ही जात घेऊ नये, असं जाणकार सांगतात ते त्यामुळेच.

मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने ज्या जातींची विक्री आणि पैदास थांबवायला राज्यांना कळवलं होतं, त्या यादीत अकिताचं नाव होतं. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. मी अकिताला दुष्ट म्हणणार नाही. ज्या कामासाठी त्याला पिढ्यान्‌पिढ्या घडवलं, तसाच तो वागतो. पण आपल्या घरी रोज चार माणसं येतात-जातात, शेजारची मुलं धावत आत शिरतात, मुनिसंघ गावात आला की चौका लागतो, पन्नास जणींची ये-जा असते. तेव्हा त्याला कुठे ठेवणार? उत्तर ठरलेलं असतं, मागच्या गॅलरीत, साखळीला.

इथे मला आपल्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आठवतात. पाठशाळेत आपण ते तोंडपाठ केले होते. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बैलाला, घोड्याला, नोकराला कसं वागवायचं म्हणून ते सांगितले, असं आपण समजून चालतो. पाळलेल्या कुत्र्याला ते अक्षरन्‌अक्षर लागू पडतात.

बंध म्हणजे बांधून, कोंडून ठेवणं. अकिताला रोज तासभर तरी चालणं-फिरणं हवं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दिवसभर कोंडलेला अकिता बंधातच आहे, गळ्यात पट्टा असो की नसो. त्यात आपला उन्हाळा. त्याची लोकर दोन थरांची आहे, बर्फासाठीची. सोलापूर-सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये त्याला फिरवायचं तर सूर्योदयाआधी आणि अंधार पडल्यावरच. दिवसा थंड फरशी, पंखा किंवा एसी आणि भरपूर पाणी लागणार. उकडतंय म्हणून लोकर भादरायचीही सोय नाही. दोन थरांची लोकर कातरली की कातडीला थेट ऊन लागतं, आणि केस पुन्हा नीट येतीलच असं नाही.

वध म्हणजे मारणं. अकिताला मारून काही शिकवता येत नाही. तो आणखी अडून बसतो, किंवा उलटून येतो. त्याला धीर आणि सातत्य लागतं. नोकरी, स्वयंपाक, मुलांचे क्लास आणि सासूबाईंचं औषधपाणी सांभाळून एवढा धीर कुणात उरतो, हे ज्याच्या त्याच्या घरी विचारून बघावं.

छेद म्हणजे अवयव कापणं. अकिताचे कान आणि शेपटी निसर्गतःच तशी होतात, त्यामुळे हा दोष सहज टळतो. अतिभारारोपण म्हणजे झेपणार नाही इतकं ओझं लादणं. पाठीवरच्या ओझ्याइतकंच आपल्या हौसेचं ओझंही ओझंच. आणि त्या पिल्लांच्या आईचा कोण विचार करतं? पिल्लं महाग विकली जातात म्हणून मादीला पुन्हा पुन्हा व्यायला लावतात. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात श्रावकाने टाळायचे धंदे सांगितले आहेत, त्यांत पैशासाठी कुत्री, मांजरं, पोपट पोसणं हेही आहे. त्याला असतीपोषण म्हणतात. तो धंदा आपण करत नाही, हे खरं. पण गिऱ्हाईक नसेल तर धंदा चालत नाही, हे व्यापारी घरातल्या आपल्याइतकं कुणाला कळणार?

पाचवा अन्नपाननिरोध, आणि खरी अडचण इथे आहे. मांजराला मांसाशिवाय चालत नाही. कुत्र्याचं तसं नाही. पशुवैद्याच्या सल्ल्याने, सगळे घटक मोजून दिलेल्या शाकाहारी खाण्यावर कुत्रा नीट जगू शकतो. पण आपल्याकडे शाकाहारी खाणं म्हणजे दूध-पोळी आणि उरलेला वरण-भात. एवढ्या मोठ्या जनावराला तेवढ्यावर ठेवणं म्हणजे पोट भरून उपाशी ठेवणं. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचतही नाही. डॉक्टरांनी उद्या दुसरं काही खायला सांगितलं, तर ते आपल्या घरात येणार आहे का? याचं उत्तर 'नाही' असेल, तर ते कुत्रा आणायच्या आधी द्यावं, तो आजारी पडल्यावर नव्हे.

एका बाबतीत मात्र आपलं स्वयंपाकघर त्याला फार सोयीचं आहे. कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. अकिता आणि शिबासारख्या जपानी कुत्र्यांत पुष्कळांच्या तांबड्या पेशी वेगळ्या घडणीच्या असतात, त्यांना कांद्याचा त्रास जास्त होतो. पण द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट आपल्या घरात असतातच, ती त्याच्या तोंडी लागू देऊ नयेत. संध्याकाळचं जेवण त्याला सूर्यास्तापूर्वी दिलं तरी चालतं, मात्र पाण्याचं भांडं रात्रीही भरलेलं हवं. चौविहाराचा नियम आपण घेतला आहे, त्याने नाही. जेवण एकदम न देता दोन वेळा थोडं थोडं द्यावं आणि खाल्ल्यावर लगेच पळवू नये. मोठ्या छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडतो आणि तासाभरात जिवावर बेततं.

शिवाय वर्षातून दोनदा लोकर झडते. तेव्हा रोज विंचरावं लागतं, तरी केस सोवळ्याच्या कपड्यांपासून पापडाच्या डब्यापर्यंत सगळीकडे जातात. या जातीत डोळ्यांचा एक आजार आढळतो, त्यात शरीर स्वतःवरच उलटतं आणि दृष्टी जाऊ शकते. कातडीतल्या तेलग्रंथी सुजून केस झडण्याचा आजारही यांच्यात दिसतो. आणि गोचीड? दाट लोकरीत ती दिसत नाही, आणि गोचिडांपासून येणारा ताप कुत्र्याचा जीव घेऊ शकतो. औषध लावायचं तर गोचीड मरते, न लावायचं तर कुत्रा मरतो. माझ्या मते पाळलेल्या जिवाची जबाबदारी घेतली की औषध लावलंच पाहिजे. ती आरंभी हिंसा गृहस्थाने डोळे उघडे ठेवून पत्करायची. ज्यांना ते पटत नाही त्यांच्या भावनेचा मला आदर आहे, पण मग त्यांनी कुत्रा आणू नये.

कुणी म्हणेल, एवढा हिशोब केला तर दया कधी करायची? दयेलाही विवेक लागतो. जपानमध्येच एक शोगुन होऊन गेला, तोकुगावा त्सुनायोशी. १६८० ते १७०९ त्याची सत्ता होती. त्याने प्राणिदयेचे हुकूम काढले आणि कुत्र्यांसाठी एदोजवळ, म्हणजे आजच्या तोक्योजवळ, प्रचंड निवारे बांधले. हजारो कुत्री तिथे ठेवली. वाचून आपल्याला तो आपलाच वाटतो. पण खर्चाचा भार रयतेवर पडला, कुत्र्याला इजा करणाऱ्या माणसांना कडक शिक्षा झाल्या, आणि तो वारताच ते हुकूम मागे घेतले गेले. दया करताना तिचा भार कुणावर पडतो, हे त्याने पाहिलं नाही. घरातही तेच होतं. हौस एकाची आणि भार दुसरीवर असेल, तर ती दया फार दिवस टिकत नाही.

कुणी सोडून दिलेला अकिता खरोखर निराधार असेल, आणि तुमच्याकडे अंगण, वेळ, पैसा आणि घरातल्या सगळ्यांची मनापासून तयारी असेल, तर त्याला जरूर आसरा द्या. तो विकत घेणं नव्हे, त्याला मी नाही म्हणणार नाही.

आता हाचीच्या गोष्टीतला सिनेमात नसलेला भाग सांगते. हाची १९२३ साली ओदातेला जन्मला आणि तोक्योला प्राध्यापक उएनो यांच्याकडे आला. मे १९२५ मध्ये ते अचानक वारले. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं तो शिबुया स्टेशनवर येत राहिला. सुरुवातीची बरीच वर्षं तिथल्या लोकांच्या लेखी तो एक भटका कुत्रा होता. त्याला हाकलत, मारत, मुलं त्याची टवाळी करत. १९३२ साली वर्तमानपत्रात त्याच्यावर लेख आला, मग तेच लोक प्रेमाने वागू लागले. १९३४ साली त्याचा पुतळा उभा राहिला. ८ मार्च १९३५ रोजी तो मेला.

म्हणजे लेख छापून येईपर्यंत हाची आपल्या गल्लीतल्या कुत्र्यासारखाच होता. मुलांना हे नक्की सांगा. आपल्या शास्त्रातल्या जीवंधरकुमारांनी लोकांनी मारून घायाळ केलेल्या कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला आणि तो मरून देव झाला. तो कुठल्या जातीचा, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

मुलांना खरंच हाची आवडला असेल, तर गेटबाहेर पाण्याचं कुंडं ठेवायला सांगा आणि ते रोज त्यांनाच धुऊन भरू द्या. सोसायटीतल्या कुत्र्यांचं रेबीजचं लसीकरण आणि नसबंदी करून घ्यायला पुढाकार घ्या. पर्युषणात पांजरपोळाला दान द्यायला जाल तेव्हा मुलांना बरोबर न्या. कुत्रा पाळायचाच असेल, तर एखादं देशी पिल्लू घ्या. आपलं ऊन त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. त्यालाही हे पाचही अतिचार तितकेच लागू आहेत, तेव्हा आणायच्या आधी घरात सगळ्यांनी एकदा बसून ते वाचा, आणि कुठलं काम कोण करणार ते कागदावर लिहून घ्या. बाबांच्या नावासमोर काय आहे, तेही बघा.